बदरुद्दीन तय्यबजी नेमके कुणाचे?

दरवर्षी १ ऑगस्टला आमच्या उर्दू शाळेतही लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी साजरी होते. परिपत्रक सगळ्या शाळांना सारखेच असते. मुले घरून उर्दूत भाषणे लिहून आणतात आणि पाठ म्हणून दाखवतात. शेंगांच्या टरफलांची गोष्ट निदान चार जण सांगतात. मग कोणी तरी राजद्रोहाच्या खटल्यावर बोलते. काही वर्षांपूर्वी असाच कार्यक्रम आटोपल्यावर सातवीतल्या एका मुलीने आम्हांला विचारले, "सर, तिलक साहब के मुकद्दमे में कोई मुसलमान भी था क्या?"

प्रश्न साधा होता, पण बोरी अरबसारख्या गावात तो साधा राहत नाही. त्या मुलीला इतिहास विचारायचा नव्हता. या सगळ्या गोष्टीत आपला माणूस कुठे उभा होता, हे तिला हवे होते. शिक्षकांच्या खोलीत चर्चा झाली. एकाने १९१६ च्या लखनौ कराराचे नाव घेतले. दुसऱ्याने १९०८ मध्ये जिनांनी टिळकांच्या जामिनासाठी अर्ज मांडला होता, हे सांगितले. १८९७ बद्दल कुणीच काही बोलले नाही. बी.एड.ला इतिहास हा आमच्या अध्यापनाचा विषय होता, तरी आम्हांलाही त्या दिवशी उत्तर देता आले नाही, हे आधीच कबूल करतो. पुढे जे वाचले त्यातून हा लेख झाला आहे. तो लिहिताना मनात राग आहे, तोही लपवत नाही.

२७ जुलै १८९७ रोजी टिळकांना मुंबईत अटक झाली. पुण्यात प्लेग, त्यावरचा सरकारी बंदोबस्त, रँडचा खून आणि 'केसरी'तले लेख अशी त्यामागची पार्श्वभूमी होती. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. उच्च न्यायालयात पार्सन्स आणि रानडे या न्यायमूर्तींपुढे अर्ज गेला, तिथेही नकार मिळाला. यातले रानडे म्हणजे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडेच. खटला सत्र न्यायालयाकडे पाठवला गेल्यावर ४ ऑगस्टला पुन्हा अर्ज झाला. तो ज्यांच्यापुढे आला त्या न्यायमूर्तींचे नाव बदरुद्दीन तय्यबजी. त्यांनी टिळकांना जामीन दिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते : खटला चालायला अजून अवकाश आहे, तोवर आरोपीला कोठडीत ठेवले तर त्याला बचावाची तयारी करता येणार नाही, आणि शेवटी तो निर्दोष ठरला तर आधीच भोगलेल्या तुरुंगवासाची भरपाई कोण करणार?

हा निकाल आज वाचताना साधा वाटतो. त्या दिवसांत तो साधा नव्हता. दोन इंग्रज अधिकाऱ्यांचे खून झालेले, अँग्लो-इंडियन वर्तमानपत्रे टिळकांविरुद्ध रान उठवत असलेली, आणि याच न्यायालयातल्या दोन न्यायमूर्तींनी नुकताच दिलेला नकार समोर असलेला. शिवाय टिळक कोण होते? १८९३ च्या मुंबईच्या दंग्यांनंतर ज्यांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले, आणि त्या काळात ज्यांच्या 'केसरी'त आलेले लिखाण मुसलमानांना सुखावणारे नव्हते, ते टिळक. या माणसाला तय्यबजींनी जामीन दिला तो तो आवडतो म्हणून नव्हे. कायद्याने तो त्याला मिळायला हवा म्हणून. आमच्या मते उदारमतवाद म्हणतात तो याला.

पुढे सप्टेंबरात खटला स्ट्रेची यांच्यापुढे चालला. ज्यूरीतल्या सहा युरोपियनांनी दोषी ठरवले, तिघा हिंदी सदस्यांनी निर्दोष. दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, टिळक तुरुंगात असताना, काँग्रेसचे अधिवेशन आमच्या शेजारी अमरावतीला भरले. या जामिनाच्या कहाणीला आणखी एक टोक आहे. १८९७ मध्ये टिळकांच्या बाजूने जामीन मागायला उभे राहिलेले वकील होते दिनशा दावर. १९०८ मध्ये हेच दावर न्यायाधीश झालेले होते. टिळक पुन्हा आरोपी, जामीन मागायला जिना उभे. दावरांनी जामीन नाकारला आणि पुढे सहा वर्षांची शिक्षा ठोठावली. तय्यबजी तेव्हा हयात नव्हते.

आम्ही शिकलो त्या आणि आम्ही शिकवतो त्या पुस्तकांत हा जामीन आम्हांला भेटला नाही. मोठ्या चरित्रग्रंथांत तो आहे. वर्गापर्यंत तो उतरत नाही. आमच्या मराठी मित्रांना हा प्रश्न विचारावासा वाटतो की मंडाले इतके तपशीलवार सांगता, तर ४ ऑगस्टचे चार शब्द जड का होतात? मुसलमान मुलाकडून देशभक्तीचा दाखला मागताना आवाज चढतो. हा दाखला १८९७ सालीच उच्च न्यायालयाच्या दप्तरात दाखल झालेला आहे, तो कुणी उघडत नाही.

पण हा लेख त्यांच्यासाठी नाही. तो आपल्यासाठी आहे, कारण आपणही तय्यबजींना तितकेच विसरलो आहोत आणि आपला गुन्हा अधिक मोठा आहे.

आपल्या उर्दू शाळांत १७ ऑक्टोबर म्हणजे सर सय्यद दिवस. निबंध होतात, तराना होतो, एखादे निवृत्त मुख्याध्यापक अलीगढची आठवण सांगतात. सर सय्यद अहमद खान मोठेच होते, त्यांच्याबद्दल आमची कसलीही तक्रार नाही. पण त्याच्या बरोबर एक आठवडा आधी १० ऑक्टोबर येतो आणि जातो. १८४४ साली त्या तारखेला मुंबईत जन्मलेल्या माणसाने ज्या संस्थेचा पाया घातला, त्या अंजुमन-ए-इस्लामने महाराष्ट्रात हजारो मुसलमान मुलामुलींना शिकवले. सर सय्यद आपल्याला उत्तरेकडून मिळाले. तय्यबजी आपल्या मुंबईचे होते. आपले असे की दूरचा पीर जास्त पावतो.

त्यांचे घराणे सुलेमानी बोहरा, मूळ खंबायतचे. वडील तय्यब अली व्यापारी होते आणि त्यांनी त्या काळात एक अजब गोष्ट केली : मुलांना शिकायला विलायतेला पाठवले. थोरले कमरुद्दीन पहिले हिंदी सॉलिसिटर झाले. बदरुद्दीन आधी मदरशात उर्दू-फारसी शिकले, मग एल्फिन्स्टनमध्ये गेले. १८६० मध्ये डोळ्यांच्या उपचारासाठी त्यांना युरोपात नेले आणि तिथेच शिक्षण सुरू झाले. मध्ये आजारपणामुळे परत यावे लागले, पुन्हा गेले, आणि १८६७ मध्ये बॅरिस्टर होऊन आले. मुंबईच्या उच्च न्यायालयात उभे राहिलेले ते पहिले हिंदी बॅरिस्टर. हिंदी माणसाला मोठा खटला कोण देणार, अशी तेव्हाची हवा होती. ती त्यांनी खोटी पाडली.

त्यांची राजकीय कारकीर्द आम्हां यवतमाळवाल्यांना जवळची वाटावी अशा गोष्टीपासून सुरू होते. १८७३ मध्ये ते मुंबई महापालिकेत गेले होते, पण सार्वजनिक वक्ते म्हणून ते गाजले १८७९ मध्ये, मँचेस्टरच्या कापडावरची आयातजकात काढून टाकण्याविरुद्ध केलेल्या भाषणामुळे. ज्या वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या धक्क्यावरून विलायतेला जाई, तिथल्या मुसलमानाने लक्षात ठेवावे की आपल्या या पुढाऱ्याचे पहिले मोठे भाषण मशिदीवर नव्हते, कब्रस्तानावर नव्हते. ते कापडावर आणि जकातीवर होते. त्यानंतर १८८२ मध्ये मुंबई विधिमंडळ, १८८३ मध्ये इलबर्ट बिलाच्या बाजूने भाषण, १८८५ मध्ये फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्याबरोबर बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशनची स्थापना. एक पारशी, एक हिंदू, एक मुसलमान. तिघेही वकील, तिघांचीही मैत्री पक्की.

डिसेंबर १८८७ मध्ये मद्रासला काँग्रेसचे तिसरे अधिवेशन झाले आणि त्याचे अध्यक्ष झाले तय्यबजी. काँग्रेसचे पहिले मुसलमान अध्यक्ष. तिथे त्यांनी जे सांगितले त्याचा आशय असा : मी केवळ माझ्यापुरता बोलत नाही, मुंबईच्या अंजुमन-ए-इस्लामचा प्रतिनिधी म्हणूनही बोलतो आहे, साऱ्या देशाच्या सामाईक भल्याच्या सुधारणा मिळवताना कोणत्याही एका समाजाने बाकीच्यांपासून बाजूला उभे राहावे असे मला काहीच दिसत नाही.

याच सुमारास लखनौला सर सय्यद बोलत होते. त्यांचे म्हणणे उलट होते : काँग्रेस ही बंगाली सुशिक्षितांची चळवळ आहे, मुसलमानांनी तिच्यापासून दूर राहावे, आधी शिकावे. इतिहासात क्वचित असे होते की एकाच आठवड्यात एका समाजापुढे दोन वाटा इतक्या स्पष्ट मांडल्या जातात. पुढे जानेवारी आणि फेब्रुवारी १८८८ मध्ये दोघांचा पत्रव्यवहार झाला. सर सय्यदांचा आक्षेप 'नॅशनल' या शब्दालाच होता. इतक्या जाती-धर्मांचे मिळून एक राष्ट्र कसे होईल, असे ते विचारत. तय्यबजींचे उत्तर आमच्या मते आजही शिळे झालेले नाही. आमच्या शब्दांत ते असे : काही प्रश्नांत आपले आणि इतरांचे हित वेगळे असेल, हे मला मान्य आहे, पण बाहेर राहून आपण ही संस्था थांबवू शकत नाही, ती चालणारच, मग आत राहून आपल्याला मारक ठराव अडवणे शहाणपणाचे की बाहेर बसून कुढणे?

हे नुसते बोलणे नव्हते. १८८८ च्या अलाहाबाद अधिवेशनात नियम झाला की ज्या विषयाला हिंदू समाज किंवा मुसलमान समाज एकमताने किंवा जवळजवळ एकमताने विरोध करील, तो विषय काँग्रेसमध्ये चर्चेलाच घ्यायचा नाही. अल्पसंख्याकांच्या हाती दिलेले हे कुलूप होते, आणि त्यासाठी आग्रह धरणारे तय्यबजी होते. आजकाल अल्पसंख्याकांच्या हक्कांवर परिसंवाद होतात. वक्ते राज्यघटनेपासून सुरुवात करतात. १८८८ चे नाव आम्ही अशा व्यासपीठावर अजून ऐकलेले नाही.

आता एक अवघड गोष्ट. तय्यबजींचे भक्त ती गाळतात, आम्ही गाळणार नाही. त्याच १८८८ च्या ऑक्टोबरात तय्यबजींनी ह्यूम यांना पत्र लिहिले की मुसलमानांचा विरोध फार वाढला आहे, काँग्रेसमुळे दोन समाज जवळ येण्याऐवजी दुरावत आहेत, तेव्हा निदान पाच वर्षे काँग्रेस स्थगित ठेवावी. मद्रासला अध्यक्षपदावरून बोललेल्या माणसाने वर्ष पुरे व्हायच्या आत हे लिहावे, याचे काय करायचे? ह्यूम यांनी ते मानले नाही. टीकाकार म्हणतील, बॅरिस्टर साहेब घाबरले. आम्हांला तसे वाटत नाही. समाजाला सोडून एकट्याने पुढे जायला ते तयार नव्हते, आणि समाजाच्या मागे मागे जायलाही नव्हते. पत्र खाजगी होते; जाहीरपणे त्यांनी काँग्रेस सोडली नाही, तिच्याविरुद्ध भाषण केले नाही. पण चूक ती चूकच. पाच वर्षे थांबल्याने शंका विरतात, हा त्यांचा हिशेब आम्हांला पटत नाही. थांबलेल्या माणसाची जागा दुसरे कोणी तरी घेते. १८९६ मध्ये कलकत्त्याला रहिमतुल्ला सयानी, तेही मुंबईचेच मुसलमान, काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते ही संस्था थांबली नव्हती म्हणूनच.

१८९५ मध्ये न्यायमूर्ती झाल्यावर तय्यबजींचे प्रत्यक्ष राजकारण संपले. अशी आठवण सांगितली जाते की त्यांच्या न्यायालयात एका इंग्रज बॅरिस्टरने काँग्रेसवर कुत्सित शेरा मारला, तेव्हा त्यांनी त्याला तिथेच थांबवून सांगितले की मी त्या काँग्रेसचा अध्यक्ष होतो आणि न्यायमूर्तिपदापेक्षा तो मान मला मोठा वाटतो. १९०२ मध्ये त्यांनी काही काळ मुख्य न्यायमूर्ती म्हणून काम पाहिले. मुंबईत त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले हिंदी. १९ ऑगस्ट १९०६ रोजी लंडनमध्ये त्यांचा इंतकाल झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस ढाक्याला मुस्लिम लीग जन्मली.

राजकारण एवढेच असते तर आम्ही हा लेख लिहिला नसता. आमचे नाते त्यांच्याशी आहे ते १८७४ मुळे. त्या वर्षी कमरुद्दीन, बदरुद्दीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली. १८८० मध्ये बाबुला टँक भागात तिची शाळा सुरू झाली. शंभर-सव्वाशे मुले आणि तीन शिक्षक. तीन शिक्षकांची शाळा म्हणजे काय, हे आम्हां उर्दू शाळेच्या मास्तरांना कुणी समजावून सांगायला नको. १८९३ मध्ये बोरीबंदर स्टेशनासमोर तिची भव्य इमारत उभी राहिली. आज त्या रस्त्यालाच तय्यबजींचे नाव आहे. आपल्यातले किती तरी जण विदर्भातून रात्रीच्या गाडीने मुंबईला जातात, सकाळी स्टेशनाबाहेर पडतात आणि त्या इमारतीसमोरून जातात. कुणाची, कशाची, म्हणून मान वर होत नाही.

अंजुमन फक्त बोहऱ्यांची नव्हती. हे मुद्दाम सांगतो, कारण तय्यबजींचे नाव काढले की आपल्याकडे दबक्या आवाजात एक वाक्य येतेच : "वो तो बोहरे थे, अपने में कहाँ." या एका वाक्याने आपले जितके नुकसान केले तितके परक्यांनी केले नसेल. सुन्नी, शिया, बोहरा, खोजा, मेमन, कोकणी, दखनी, सगळ्यांची मुले ज्या बाकावर बसावीत तो बाक या बोहऱ्याने घडवला. आणि भाषा? घराण्याची भाषा गुजराती. तरी मुंबईच्या साऱ्या मुसलमानांना जोडील ती उर्दू, म्हणून या कुटुंबाने घरात उर्दू आणली. 'अखबार की किताब' नावाच्या वह्यांत घरातल्या बाया-माणसांनी, मुलांनी रोजचे लिहावे अशी रीत त्यांनी पाडली. आम्ही उर्दूचे मास्तर उर्दूच्या नावाने मोर्चे काढतो आणि आमच्या घरातली मुले इंग्रजी शाळेत घालतो. त्यांनी उलटे केले होते : कोर्टात इंग्रजी, जेवणाच्या वेळी उर्दू.

मुलींच्या बाबतीत तर हा माणूस त्याच्या काळाच्या फार पुढे होता. स्वतःच्या मुलींना शाळेत घातले, पुढे विलायतेलाही शिकायला पाठवले. १९०३ मध्ये मुंबईत मोहमेडन एज्युकेशनल कॉन्फरन्स भरली, ती अलीगढची परिषद, तिचे ते अध्यक्ष होते. तिथे, अलीगढच्या मंडळींसमोर, त्यांनी सांगितले की हिंदुस्थानात पाळला जातो तो पडदा शरियतने सांगितला त्यापेक्षा कितीतरी कडक आहे आणि तो मुलींच्या तालीमच्या आड येतो. नाराजी झालीच. पण बघा, ते कुठे बोलले : समाजाच्या सभेत, समाजाचे अध्यक्ष म्हणून, कुराणाचा आधार घेऊन. बाहेरच्यांकडून टाळ्या मिळवण्यासाठी नव्हे.

इथे आपल्या पुरोगामी मित्रांशी दोन शब्द. मुस्लिम प्रबोधनाचा इतिहास सांगताना ते सर सय्यदांपासून निघतात आणि थेट १९७० च्या मुस्लिम सत्यशोधक मंडळापाशी, हमीद दलवाईंपाशी उतरतात. दलवाईंच्या धैर्याबद्दल आम्हांला आदर आहे. त्यांच्या पद्धतीबद्दल शंका आहेत, त्यांची चर्चा पुन्हा कधी. पण मधले स्टेशन गाळून गाडी का नेता? मधले स्टेशन गाळले की वाचकाच्या मनात पक्के बसते की महाराष्ट्रातल्या मुसलमानांत उदारमतवाद बाहेरून, उशिरा आणि समाजाशी भांडूनच आला. तय्यबजी उभे केले की हे चित्र टिकत नाही. म्हणूनच कदाचित ते उभे केले जात नसावेत.

आणि आपल्या मौलाना मंडळींशीही दोन शब्द. 'लिबरल' म्हणजे दीन सोडलेला, असे जुम्म्याच्या बयानात सर्रास सांगितले जाते. तय्यबजींनी दीन सोडला नाही. नमाज पढणाऱ्या, डोक्यावर साफा बांधून न्यायासनावर बसणाऱ्या त्या माणसाने आपल्या समाजासाठी जेवढी शाळेची बाके घडवली तेवढी बयान देणाऱ्या शंभर जणांनी मिळून घडवली असतील तर आम्हांला ती दाखवावीत, आम्ही माफी मागू.

त्यांच्या उणिवा आम्हांला दिसत नाहीत असे नाही. ते श्रीमंत होते. त्यांचा इंग्रजी न्यायावर फार विश्वास होता. अर्ज, शिष्टमंडळ, विनंती यापलीकडचे राजकारण त्यांना मानवले नसते. कष्टकऱ्यांत ते कधी बसले नाहीत. त्यांच्या हयातीत अंजुमनचा हात मुंबईबाहेर फारसा पोहोचला नाही. आमच्या वऱ्हाडातला मुसलमान तेव्हा कोणत्या अवस्थेत होता याची त्यांना कितपत कल्पना होती, कोण जाणे. त्यांचेच पुतणे अब्बास तय्यबजी १९३० मध्ये, म्हातारपणी, गांधीजींच्या अटकेनंतर धारासनाच्या मिठाच्या सत्याग्रहाला निघाले आणि तुरुंगात गेले. काकांची वाट जिथे संपली त्याच्या पुढे पुतण्या चालला, असे म्हणता येईल.

पण त्यांची एक गोष्ट आपण गमावली आहे आणि तिची किंमत आपण गावोगाव मोजतो आहोत. ते एका हाताने समाजाची शाळा चालवत आणि दुसऱ्या हाताने सगळ्यांचे राजकारण करत. अंजुमनचा सेक्रेटरी आणि काँग्रेसचा अध्यक्ष हा एकच माणूस होता, आणि मद्रासला त्याने दोन्ही ओळखी एकाच वाक्यात सांगितल्या. आज या दोन हातांची फारकत झाली आहे. शाळा, मदरसा, शादीखाना चालवणारे लोक राजकारणाला हात लावत नाहीत, लावला तर फक्त निधीसाठी. आणि राजकारणात गेलेले आमचे भाऊ कोणत्या तरी पक्षाच्या अल्पसंख्याक सेलचे तालुकाध्यक्ष होतात. सेल! सबंध पक्षात त्यांना एक खोली दिलेली आहे, तिथेच त्यांनी बसायचे, ईदला बॅनर लावायचे आणि निवडणुकीला मोहल्ला सांभाळायचा.

आमच्या परिसरातलेच सांगतो. निवडणूक आली की मोहल्ल्यात बैठक होते. मागण्या कोणत्या? कब्रस्तानाची भिंत, ईदगाहचा रस्ता, शादीखान्यावर पत्रे. मागण्या खोट्या नाहीत. कब्रस्तानाला भिंत हवीच. पण २००६ मध्ये विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यात यवतमाळ होते, शेतकरी आत्महत्यांमुळे सबंध देशाला या जिल्ह्याचे नाव माहीत झालेले होते. त्या वेळी आमच्या मोहल्ल्यात कापसावर एक तरी बैठक झाली का? आमच्यात कापूस पिकवणारे आहेत, वेचायला जाणारे आहेत, जिनिंगवर हमाली करणारे आहेत. भाव पडला की आमचीही चूल थंड होते. तरी कापूस हा 'त्यांचा' प्रश्न आणि कब्रस्तान हा 'आपला' प्रश्न, ही वाटणी आम्ही मुकाट्याने मान्य केली आहे. १८७९ मध्ये कापडावर बोलणाऱ्या बॅरिस्टराने ती मान्य केली नव्हती. त्याच २००६ मध्ये सच्चर समितीचा अहवाल आला. तो मात्र आम्ही तोंडपाठ केला, प्रत्येक जलशात वाचला. आपल्या मागासलेपणाचे आकडे पाठ करणे आणि मागासलेपण हटवणे यात फरक आहे, हे मास्तर म्हणून आम्हांला बोलावेच लागेल. पाढे पाठ असलेले मूल हिशेबात नापास होताना आम्ही रोज पाहतो.

शाळेच्या बाबतीत तीच गत. दहावीनंतर मुलगी घरी बसते. विचारले तर उत्तर येते, पुढे उर्दूत सोय नाही, यवतमाळ किंवा दारव्ह्याला एसटीने एकटी कशी पाठवायची, आणि जास्त शिकली तर जोडीचा मुलगा कुठून आणायचा. तिन्ही अडचणी खऱ्या आहेत. पण कॉलेजच्या वेळेला जुळेल अशा एसटीच्या फेरीसाठी मोहल्ल्यातून कधी निवेदन गेले? गेले असते तर त्यावर हिंदू मुलींच्या बापांनीही सह्या केल्या असत्या, कारण त्यांच्या मुलीही त्याच थांब्यावर उभ्या असतात. सामाईक प्रश्न सामाईकपणे मांडणे म्हणजे काय, याचे बोरी अरबच्या मापाचे उदाहरण आम्हांला याहून चांगले सुचत नाही. मद्रासला ते हेच सांगत होते, फक्त इंग्रजीत.

काही वाचक म्हणतील, काळ बदलला. १८८७ च्या काँग्रेसमध्ये मुसलमानाला अध्यक्ष करायला लोक उत्सुक होते, आज आपल्याला उमेदवारीही कोणी देत नाही, मग सामाईक राजकारणात शिरायचे कुठून? आक्षेप वजनदार आहे आणि आम्ही तो झटकून टाकत नाही. दार अरुंद झाले आहे. दंगली आम्ही पाहिल्या, निर्दोष तरुण वर्षानुवर्षे जामिनाशिवाय कोठडीत राहिलेले पाहिले आणि तेव्हा ४ ऑगस्ट १८९७ चा तो निकाल पुन्हा पुन्हा आठवला. पण दार अरुंद झाले म्हणून अंगणात बसून राहणाऱ्यासाठी ते कुणी रुंद करणार नाही. १८८८ मध्ये सर सय्यदांना दिलेले उत्तर आजच्या नाराज माणसालाही लागू आहे : ही गाडी आपल्याविना चालणारच आहे, आपण फक्त कुठे बसायचे ते ठरवायचे आहे.

त्या सातवीतल्या मुलीला आम्ही आठ-दहा दिवसांनी उत्तर दिले. सगळ्या वर्गाला फळ्यावर तारीख लिहून सांगितले. ती म्हणाली, "फिर ये किताब में क्यों नहीं है?" आणखी एका मुलाने विचारले, त्यांनी जामीन दिला म्हणून इंग्रजांनी त्यांना नोकरीवरून काढले का? नाही, पाच वर्षांनी ते काही काळ मुख्य न्यायमूर्ती झाले, असे सांगितल्यावर वर्गात टाळी पडली.

यंदा १० ऑक्टोबरला शाळेत कार्यक्रम ठेवायचे ठरवले आहे. परिपत्रक नाही, तेव्हा परवानगीचा प्रश्न निघेल; तो परिपाठाच्या वेळात बसवू. शेजारच्या मराठी शाळेच्या सहकाऱ्यांनाही निरोप दिला आहे. टिळकांवर भाषण करणारी त्यांची दोन मुले येतील, जामिनाची गोष्ट आमची मुले सांगतील. तय्यबजींचा एक मोठा फोटो मुंबईच्या एका ओळखीच्या माणसाकडे मागितला आहे. अजून आलेला नाही.